ब्रिटनमधला कोणता पक्ष जास्त वर्णद्वेषी? एका वकिलाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘पुण्याहून नोकरीसाठी रीडिंगला आलो. भारतीय नागरिक असूनही इथे खासदार निवडायला मत देता येतं, हे आल्यावर कळलं. मजूर पक्षाला ज्यूद्वेष्टा म्हणतात, हुजूर पक्षाला मुस्लीमद्वेष्टा, आणि दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. यातला खरा वर्णद्वेषी पक्ष कोणता? आणि उद्या मी एखाद्या पक्षाचा सदस्य झालो आणि मलाच तसा अनुभव आला, तर दाद कुठे मागायची?’

मी इथे समता कायद्याखालचे दावे चालवते. बहुतेक कामं नोकरीतल्या भेदभावाची असतात. पण उमेदवारी नाकारलेले नगरसेवक, शाखेच्या बैठकीत अपमान झालेले सदस्य, पक्षाच्या चौकशीत अडकलेले कार्यकर्ते असेही लोक येतात, आणि ते सगळ्या पक्षांचे असतात. या फायली वाचून माझं एक मत पक्कं झालं आहे. पक्षातले लोक ‘आम्हाला ही माणसं नकोत’ असं क्वचितच म्हणतात. ‘आमचं काही नाही हो, पण मतदारांना चालणार नाही,’ असं म्हणतात. दोष मतदाराच्या माथी मारला की पक्ष हात झटकून मोकळा. त्यामुळे विरोधकाच्या चुकीवर एखादा पक्ष किती ओरडतो याला मी फारशी किंमत देत नाही. आपल्याला मतं किंवा पैसा आणून देणाऱ्या माणसाविरुद्ध तक्रार आली की तो काय करतो, तेवढं बघते. या कसोटीवर दोन्ही मोठे पक्ष अनेकदा नापास झालेत, आणि प्रत्येकाची नापास होण्याची तऱ्हा निराळी आहे.

सुरुवात आपल्याला माहीत असलेल्या माणसापासून करू. दादाभाई नौरोजी १८८६ साली लंडनच्या होबर्नमधून लिबरल पक्षातर्फे उभे राहिले आणि पडले. दोन वर्षांनी हुजूर पक्षाचे पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी एडिंबरोच्या भाषणात म्हणाले की, ब्रिटिश मतदारसंघ एखाद्या काळ्या माणसाला निवडून देईल इथपर्यंत आपण आलो आहोत असं मला वाटत नाही. म्हणजे इथेही हवाला मतदारांचाच. लिबरलांनी सॉल्सबरींवर झोड उठवली. पण त्याच लिबरल पक्षाच्या सेंट्रल फिन्सबरीतल्या एका गटानं दादाभाईंची निवड मानायला नकार दिला, दुसरा उमेदवार पुढे केला आणि ते भांडण काही वर्षं चिघळत ठेवलं. १८९२ मध्ये दादाभाई अवघ्या पाच मतांनी निवडून आले. त्यानंतर तीनच वर्षांनी मुंबईचेच पारशी मंचेरजी भावनगरी हुजूर पक्षाच्या तिकिटावर बेथनल ग्रीनमधून खासदार झाले. ते साम्राज्याचे समर्थक होते आणि पक्षाला सोयीचे होते. सोय असली की ‘मतदारांना चालणार नाही’ ही अडचण कशी नाहीशी होते, हे तेव्हाच दिसलं होतं.

आता १९६४ ला येऊ. बर्मिंगहॅमजवळचं स्मेदिक हे ओतशाळांचं गाव. पंजाबी आणि कॅरिबियन कामगार तिथे स्थायिक झाले होते आणि घरांची टंचाई होती. सार्वत्रिक निवडणुकीत देश मजूर पक्षाकडे झुकला, पण स्मेदिकमध्ये त्या पक्षाचे भावी परराष्ट्रमंत्री पॅट्रिक गॉर्डन वॉकर पडले. शेजारी काळा माणूस हवा असेल तर मजूर पक्षाला मत द्या, अशा अर्थाची अत्यंत गलिच्छ घोषणा तिथे फिरत होती. निवडून आलेले हुजूर पक्षाचे पीटर ग्रिफिथ्स यांनी तिचा निषेध करायला नकार दिला. हा लोकांच्या भावनेचा उद्रेक आहे, असा त्यांचा पवित्रा होता. पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी संसदेत त्यांना वाळीत टाकण्याची भाषा केली.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात. मला पुढचं महत्त्वाचं वाटतं. त्याच विल्सन सरकारनं १९६५ मध्ये राष्ट्रकुलातून येणाऱ्या कामगारांचे परवाने वर्षाला ८,५०० वर आणले. १९६८ मध्ये केनियातून ब्रिटिश पासपोर्ट घेतलेले भारतीय वंशाचे लोक येऊ लागले, तेव्हा याच पक्षानं तीन दिवसांत कायदा संमत करून घेतला. आईवडील किंवा आजीआजोबांपैकी कोणी ब्रिटनमध्ये जन्मलेलं किंवा इथलं नागरिक झालेलं असेल तरच पासपोर्ट असूनही मुक्त प्रवेश. केनियातल्या गोऱ्यांची यातून सहज सुटका होत होती, गुजराती दुकानदाराची होत नव्हती. युरोपच्या मानवी हक्क आयोगानं १९७३ मध्ये या कायद्यात वर्णभेद असल्याचा निष्कर्ष काढला. कायदा झाला १ मार्चला. हुजूर पक्षाचे खासदार इनॉक पॉवेल यांचं बर्मिंगहॅमचं स्थलांतरितांविरुद्धचं कुप्रसिद्ध भाषण २० एप्रिलचं. म्हणजे पॉवेल बोलण्याआधीच सत्तेतल्या मजूर पक्षानं ते करून ठेवलं होतं. पॉवेल यांना हुजूर पक्षाचे नेते एडवर्ड हीथ यांनी दुसऱ्याच दिवशी जबाबदारीवरून दूर केलं, आणि १९७२ मध्ये युगांडातून इदी अमीननं हाकललेल्या सुमारे २८,००० आशियाईंना याच हीथ यांच्या सरकारनं आत घेतलं. त्या वेळी लेस्टरच्या नगरपालिकेनं युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली की, तुमच्या आणि तुमच्या कुटुंबाच्या भल्यासाठी लेस्टरला येऊ नका. ही नगरपालिका मजूर पक्षाच्या ताब्यात होती.

कामगार संघटनांचाही उल्लेख करायला हवा, कारण मजूर पक्ष त्यांच्यातूनच उभा राहिला. १९६३ मध्ये ब्रिस्टलच्या बसवर काळे आणि आशियाई कंडक्टर नकोत, या बंदीला स्थानिक युनियनचा पाठिंबा होता. बहिष्कार झाला तेव्हा ती उठली. १९७४ मध्ये लेस्टरच्या इंपीरियल टाइपरायटर्समधले आशियाई कामगार संपावर गेले आणि त्यांच्याच युनियननं त्यांना वाऱ्यावर सोडलं. ‘आम्ही कष्टकऱ्यांचा पक्ष, आमच्यात वर्णद्वेष असेलच कसा’ हा मजूर पक्षाचा जुना समज आहे, आणि माझ्या मते त्या पक्षाचं सर्वांत जास्त नुकसान त्या समजानंच केलं. हुजूर पक्षात तक्रार घेऊन जाणाऱ्याला बहुधा उदासीनता भेटते. मजूर पक्षात त्याच्या हेतूवर शंका घेतली जाते.

आमच्या कायद्याच्या दृष्टीनं या साऱ्या विषयाचं मर्म एका खटल्यात आहे. रागिब अहसान हे बर्मिंगहॅमच्या स्पार्कहिल प्रभागातले मजूर पक्षाचे नगरसेवक, मूळ पाकिस्तानी. १९९०च्या दशकात तिथे आरोप झाले की पाकिस्तानी वंशाचे काही सदस्य घरदुरुस्तीच्या सरकारी अनुदानात आपल्या माणसांना पुढे घालतात. पक्षाच्या वरिष्ठांनी उमेदवार निवडायचा अधिकार स्थानिक शाखांकडून काढून घेतला आणि १९९८च्या निवडणुकीत अहसान यांचं तिकीट कापलं गेलं. ते न्यायाधिकरणात गेले. अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर पक्षानं प्रकरण वरच्या कोर्टापर्यंत लढवलं. अखेर २००७ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सनं (तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय) त्यांच्या बाजूनं निकाल दिला. पक्षाचं म्हणणं साधारण असं होतं: आम्ही त्यांना पाकिस्तानी म्हणून डावललेलं नाही, लोकांच्या मनात जी प्रतिमा झाली होती तिच्यामुळे आमचं निवडणुकीत नुकसान झालं असतं. लॉर्ड हॉफमन यांनी हे मानलं नाही. ती प्रतिमा अहसान यांना चिकटली ती ते पाकिस्तानी होते म्हणूनच. तेव्हा हा सरळसरळ वंशावरून केलेला भेदभाव. मतदार नाराज होतील, ही सबब कायद्यात चालत नाही.

हा निकाल प्रत्येक पक्षाच्या प्रत्येक निवड समितीला वाचायला द्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण ती सबब आजही तितक्याच सहजपणे दिली जाते. काही वर्षांपूर्वी एक मराठी डॉक्टरबाई माझ्याकडे आल्या होत्या. पक्षाचं नाव सांगत नाही. नगरपालिकेच्या उमेदवारीसाठी त्यांची मुलाखत झाली. रस्त्यांपासून दवाखान्यांपर्यंत सगळं विचारून झाल्यावर समितीतल्या एकानं विचारलं, ‘दारोदार फिरल्यावर लोकांना तुमचं नाव घेता येईल का?’ उरलेल्या उमेदवारांना हा प्रश्न नव्हता. आम्ही माहिती संरक्षण कायद्याखाली त्यांच्याबद्दलची कागदपत्रं मागवली. गुणांच्या तक्त्यात त्या पहिल्या होत्या आणि शेवटच्या रकान्यात पेनानं लिहिलं होतं: ‘उत्तम, पण या प्रभागात चालणार नाही.’ तो कागद समोर ठेवल्यावर पक्षानं निवड पुन्हा घ्यायचं मान्य केलं. त्या समितीतलं कोणीही स्वतःला वर्णद्वेषी म्हणवणार नाही, आणि त्यांचे शेजारीही त्यांना तसं म्हणणार नाहीत. म्हणूनच हा प्रकार पकडायला अवघड जातो.

आता आपल्याच लोकांच्या दारात पडलेल्या दोन पत्रकांबद्दल सांगते, कारण तुमच्याही दारात तशी पडतील.

पहिलं २०१६ चं. लंडनच्या महापौरपदासाठी हुजूर पक्षाचे झॅक गोल्डस्मिथ आणि मजूर पक्षाचे सादिक खान यांच्यात लढत होती. गोल्डस्मिथ यांच्या प्रचारातून आडनावावरून हिंदू, शीख, तमिळ वाटणाऱ्या घरांत वेगळी पत्रं गेली. खान यांचा पक्ष तुमच्या घरातल्या दागिन्यांवर कर लावू पाहतो, असं त्यांत होतं. नरेंद्र मोदींच्या ब्रिटन भेटीचा संदर्भही होता. मतदानाच्या आधीच्या रविवारी गोल्डस्मिथ यांचा लेख एका वर्तमानपत्रानं २००५च्या बॉम्बस्फोटात उद्ध्वस्त झालेल्या बसच्या छायाचित्रासकट छापला. हुजूर पक्षाच्याच सईदा वारसी यांनी या प्रचाराचा उघड निषेध केला. गोल्डस्मिथ हरले. पुढे २०१९ मध्ये ते खासदारकीची जागाही हरले, आणि पक्षानं त्यांना लॉर्ड करून मंत्रिपदावर ठेवलं.

दुसरं २०२१ चं. यॉर्कशरमधल्या बॅटली अँड स्पेनच्या पोटनिवडणुकीत मजूर पक्षाला मुस्लीम मतं निसटतील अशी धास्ती होती. पक्षानं पत्रक काढलं: बोरिस जॉन्सन मोदींशी हस्तांदोलन करतानाचं छायाचित्र आणि मजकूर असा की, तुमच्या बाजूचा नसलेला टोरी (म्हणजे हुजूर) खासदार निवडायचा धोका पत्करू नका. भारतीय वंशाच्या लोकांनी, मजूर पक्षाला मानणाऱ्यांनीही, यावर संताप व्यक्त केला. पक्षानं जागा ३२३ मतांनी राखली.

ही दोन पत्रकं शेजारी ठेवून वाचा. पहिल्यात हिंदूंना मुसलमानाची भीती घातली आहे, दुसऱ्यात मुसलमानांना हिंदुस्थानची. दोन्हींत मतदाराचं आडनाव बघून त्याच्या मनात काय असेल हे पक्षानं ठरवून टाकलंय. पहिलं पत्रक आपल्याला खूश करण्यासाठी होतं म्हणून आपल्यातले अनेक जण त्याबद्दल गप्प राहिले आणि दुसऱ्यावर पेटून उठले. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे पक्षांना जितकं लागू आहे तितकंच आपल्यालाही, आणि हे मी माझ्या ओळखीच्या मराठी घरांत तोंडावर सांगत आले आहे.

मतांसाठी आग लावण्यात किती पुढे जाता येतं त्याचं आणखी एक उदाहरण २०१० चं. ओल्डहॅम ईस्टमधून मजूर पक्षाचे फिल वूलस १०३ मतांनी निवडून आले. लिबरल डेमोक्रॅट उमेदवार मुस्लीम अतिरेक्यांची मर्जी राखतो, अशा खोट्या मजकुराची पत्रकं त्यांनी वाटली होती. गोऱ्या मतदारांना चिडवलं नाही तर आपण संपलो, अशा अर्थाच्या प्रचारातल्या ई-मेल निवडणूक न्यायालयापुढे आल्या आणि निवड रद्द झाली. खटला चालू असतानाच पक्षाच्या नव्या नेत्यानं वूलस यांना गृहखात्याच्या विरोधी फळीत घेतलं होतं. लिबरल डेमोक्रॅटांनीही यात फार पवित्र होण्याचं कारण नाही. १९९३ मध्ये पूर्व लंडनच्या टॉवर हॅम्लेट्समधल्या त्यांच्या शाखेनं काढलेल्या पत्रकांवर त्यांच्याच पक्षाच्या चौकशीनं कडक ताशेरे ओढले होते.

तुम्ही विचारलेल्या दोन मोठ्या आरोपांकडे आता येते.

मजूर पक्षातला ज्यूद्वेष हा बनाव होता असं आजही काही जण म्हणतात. ते खोटं आहे. जेरेमी कॉर्बिन नेते असताना तक्रारींचा पूर आला. एप्रिल २०१८ ते जानेवारी २०१९ या काळात सदस्यांविरुद्ध ६७३ तक्रारी आल्याचं पक्षानं स्वतः जाहीर केलं. ल्युसियाना बर्गर या ज्यू खासदार २०१८च्या पक्ष अधिवेशनाला पोलीस बंदोबस्तात आल्या आणि २०१९ मध्ये पक्ष सोडून गेल्या. समता आणि मानवी हक्क आयोगानं कायद्यानं मिळालेले चौकशीचे अधिकार वापरले आणि ऑक्टोबर २०२० मध्ये अहवाल दिला: पक्षानं समता कायदा मोडला. आयोगानं तपासलेल्या ७० फायलींपैकी २३ मध्ये राजकीय हस्तक्षेप दिसला. तक्रारीचा निकाल काय लागावा यात नेत्याच्या कार्यालयाचा हात होता. लंडनचे माजी महापौर केन लिव्हिंगस्टन यांच्यासह दोघांच्या वर्तनासाठी पक्षाला जबाबदार धरलं गेलं. त्याच दिवशी कॉर्बिन यांनी प्रश्नाची व्याप्ती राजकीय हेतूनं फुगवली गेल्याचं म्हटलं आणि त्यांचं निलंबन झालं.

पण त्या पक्षातली दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. एप्रिल २०२० मध्ये पक्षाचा एक अंतर्गत दस्तऐवज फुटला. त्यात वरिष्ठ कर्मचाऱ्यांचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश होते आणि काळ्या महिला खासदारांबद्दलची हिणकस भाषा होती. वकील मार्टिन फोर्ड यांनी त्याची चौकशी केली आणि जुलै २०२२ मध्ये, ठरल्यापेक्षा बऱ्याच उशिरा, अहवाल आला. ज्यूद्वेषाचा प्रश्न दोन्ही गटांनी एकमेकांविरुद्ध हत्यार म्हणून वापरला, असं त्यांनी लिहिलं. पक्षात वर्णद्वेषाची उतरंड तयार झाल्याची अनेक सदस्यांची भावनाही त्यांनी नोंदवली. एका समाजाविरुद्धचा द्वेष तातडीचा, काळ्यांचा आणि मुसलमानांचा नंतर बघू. माझ्याकडे आलेल्या या पक्षाच्या लोकांची व्यथा बहुतेक वेळा नेमकी हीच असते.

हुजूर पक्षाचं वेगळं. जून २०१९ मध्ये नेतेपदाच्या चर्चेत टीव्हीवर साजिद जाविद यांनी बाकी सगळ्या उमेदवारांकडून मुस्लीमद्वेषाच्या बाहेरच्या चौकशीला जाहीर होकार मिळवला. निवडून आल्यावर जॉन्सन यांच्या काळात तिचा विषय ‘सर्व प्रकारचा भेदभाव’ असा झाला. वॉरिक विद्यापीठातले मानसोपचाराचे प्राध्यापक स्वरण सिंग यांच्याकडे ती दिली गेली. पक्षानं स्वतःच चौकशी नेमली या कारणावर आयोगानं आपली औपचारिक चौकशी सुरू केली नाही. मे २०२१च्या सिंग अहवालानुसार २०१५ ते २०२० या काळात ७२७ घटनांबद्दल १,४१८ तक्रारी आल्या होत्या आणि सुमारे दोन तृतीयांश घटना मुसलमानांशी निगडित होत्या. संस्थात्मक वर्णद्वेष आढळला नाही, पण मुस्लीमविरोधी भावना ही पक्षात समस्या आहे, असा निष्कर्ष निघाला. गोल्डस्मिथ यांचा प्रचार आणि बुरखा घालणाऱ्या स्त्रियांना टपालपेटीची उपमा देणारा जॉन्सन यांचा २०१८चा लेख, या दोन्हींचा उल्लेख त्यात आहे.

या दोन अहवालांची तुलना करून ‘बघा, यांच्यावर कायदा मोडल्याचा ठपका आणि यांच्यावर नाही’ म्हणणारे खूप भेटतात. तुलना करताना चौकशी करणाऱ्याच्या हातात काय होतं ते आधी बघायला हवं. आयोग कायद्यानं कागद मागवू शकतो, आणि मागवले. सिंग पक्षाच्या नेमणुकीवर काम करत होते. एका पक्षाची झडती झाली आणि दुसऱ्यानं आपली तपासणी स्वतः करून घेतली. त्यावरून कोण कमी दोषी हे मी तरी सांगणार नाही. एवढं मात्र सांगेन की आयोगाच्या देखरेखीखाली मजूर पक्षाला तक्रारींसाठी बाहेरच्या माणसांचं मंडळ नेमावं लागलं. ही खरी सुधारणा आहे आणि ती कायद्याच्या दट्ट्यामुळे झाली.

मार्च २०२४ मधला एक आठवडा मला विसरता येत नाही. ११ मार्चला बातमी आली की हुजूर पक्षाला आदल्या वर्षी एक कोटी पौंड देणारे उद्योजक फ्रँक हेस्टर २०१९ मध्ये म्हणाले होते की, डायअ‍ॅन अ‍ॅबट यांना पाहिलं की सगळ्या काळ्या बायकांचा द्वेष करावासा वाटतो आणि त्यांना गोळी घालायला हवी. अ‍ॅबट म्हणजे १९८७ मध्ये निवडून आलेल्या पहिल्या काळ्या महिला खासदार. पंतप्रधान कार्यालयानं आधी ‘अस्वीकारार्ह’ एवढंच म्हटलं. मंत्रिमंडळातून केमी बेडनॉक यांनी त्याला वर्णद्वेषी म्हटल्यावर, दुसऱ्या दिवशी, ऋषी सुनक यांच्या कार्यालयातून तो शब्द निघाला. हेस्टर यांनी उद्धटपणाबद्दल माफी मागितली. पैसे परत केले गेले नाहीत.

मजूर पक्षाला अर्थातच चेव आला. पण अ‍ॅबट तेव्हा त्या पक्षाच्या बाकावर नव्हत्या. आदल्या एप्रिलमध्ये त्यांनी एका वृत्तपत्राला पत्र लिहिलं होतं, त्यात ज्यू, आयरिश आणि भटक्या समाजांना पूर्वग्रह सोसावा लागतो पण वर्णद्वेष नाही, असा चुकीचा आणि दुखावणारा दावा होता. त्यांनी त्याच दिवशी माफी मागितली आणि त्यांचं निलंबन झालं. निलंबन योग्य होतं. पण पक्षाची चौकशी डिसेंबर २०२३ मध्येच संपली होती, आणि तरी घोंगडं भिजत ठेवलं गेलं. त्यांना परत घेण्याचा निर्णय आला मे २०२४च्या अखेरीस, निवडणूक जाहीर झाल्यावर. तर १३ मार्चच्या प्रश्नोत्तराच्या तासाला सगळं सभागृह अ‍ॅबट यांच्याबद्दल बोलत होतं. सुनक आणि कीर स्टार्मर त्यांच्यावरून भांडत होते, आणि सत्तरी ओलांडलेल्या अ‍ॅबट बोलायला मिळावं म्हणून चाळीसहून अधिक वेळा उभ्या राहिल्या. सभापतींनी त्यांना एकदाही संधी दिली नाही. ज्या बाईला गोळी घालायची भाषा झाली, तिलाच बोलता आलं नाही. दोन पक्ष एकमेकांच्या वर्णद्वेषाबद्दल बोलतात तेव्हा सोसणाऱ्या माणसाचं काय होतं, हे मला त्या वेळात जितकं स्पष्ट दिसलं तितकं कुठल्याही अहवालात दिसलं नाही.

आणि या भांडणाचा फायदा तिसराच घेतो. सादिक खान यांच्यावर इस्लामवाद्यांनी ताबा मिळवलाय, असं म्हणणारे ली अँडरसन यांना हुजूर पक्षानं फेब्रुवारीत निलंबित केलं. ते त्याच ११ मार्चला उजव्या विचारांच्या रिफॉर्म पक्षात गेले आणि त्या पक्षाचे पहिले खासदार झाले. त्या उन्हाळ्यात रिफॉर्मचा एक प्रचारक छुप्या कॅमेऱ्यासमोर सुनक यांना वंशावरून शिवी देताना दिसला. देशाचा पंतप्रधान असूनही सुनक यांना आपल्या मुलींना हे ऐकावं लागतं याचं दुःख बोलून दाखवावं लागलं. तेव्हा मतं बाजूला ठेवून त्यांच्या पाठीशी उभं राहायला मला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

एक गोष्ट आपल्या घरची आहे म्हणून सांगते. २०१३ मध्ये ब्रिटिश संसदेनं जातीवरून होणारा भेदभाव समता कायद्यात आणण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. दलित आणि आंबेडकरी संघटनांनी त्यासाठी बरीच वर्षं खटपट केली होती. अनेक हिंदू संघटनांनी विरोध केला, हॅरोचे खासदार बॉब ब्लॅकमन यांच्यासारख्यांनी तो संसदेत मांडला. शेवटी २०१८ मध्ये हुजूर सरकारनं जाहीर केलं की स्वतंत्र तरतूद करणार नाही, जात वंशात मोडू शकते या २०१४च्या न्यायाधिकरणाच्या निकालावर भागवून घेऊ. कारणं काहीही सांगोत, ज्यांची मतं एकगठ्ठा आणि ज्यांच्याकडे सभागृहं भरवायची ताकद, त्यांचं ऐकलं गेलं. मी जातीचे दावे पाहिले आहेत. ‘तुमचं गाव कोणतं, आडनाव काय’ हे प्रश्न इथल्या कॅन्टीनमध्येही त्याच हेतूनं विचारले जातात. मुस्लीमद्वेष आणि ज्यूद्वेष यांवर हिरिरीनं बोलणाऱ्या मराठी माणसानं या प्रश्नावर आपल्या उमेदवाराला काय सांगितलं, हे मला विचारावंसं वाटतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, दाद कुठे मागायची. २५ किंवा अधिक सदस्य आणि सदस्यत्वाचे नियम असलेला पक्ष समता कायदा २०१० खाली ‘असोसिएशन’ ठरतो. सदस्याशी वंश, धर्म, लिंग यांवरून भेदभाव करायला किंवा त्याला वंशावरून छळायला त्याला मनाई आहे. शाखेत काही घडलं तर त्याच रात्री लिहून काढा: कोण, कुठे, नेमके शब्द, आणि ऐकायला कोण होतं. व्हॉट्सअ‍ॅप गटातलं असेल तर तारीख आणि पाठवणाऱ्याचं नाव दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, कारण संदेश पुसले जातात. तक्रार शाखाध्यक्षाच्या कानावर घालून थांबू नका. तो बहुधा दोघांचाही मित्र असतो आणि ‘जाऊ द्या हो’ म्हणतो. पक्षाच्या राष्ट्रीय तक्रार विभागाला लेखी कळवा आणि त्याच पत्रात विचारा की निर्णय कोण घेणार, किती दिवसांत, आणि तो मला कळवणार का. याचं उत्तर टाळलं गेलं तर तेही जपून ठेवा. उमेदवारी डावलली असेल तर माहिती संरक्षण कायद्याखाली स्वतःबद्दलची कागदपत्रं मागा. साधारणपणे महिन्याभरात द्यावी लागतात. सल्ल्यासाठी इक्वॅलिटी अ‍ॅडव्हायजरी अँड सपोर्ट सर्व्हिस ही मोफत हेल्पलाइन आहे.

सर्वांत जास्त लोक चुकतात ते मुदतीत. पक्षाविरुद्धचा असा दावा इंग्लंड आणि वेल्समध्ये काउंटी कोर्टात जातो, आणि घटनेपासून सहा महिन्यांत, एक दिवस कमी धरून, दाखल करावा लागतो. पक्षाची चौकशी चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही. चौकशी रेंगाळते, तक्रारदार सभ्यपणे वाट बघतो आणि दावा बाद होतो. पाचव्या महिन्याच्या सुरुवातीला वकिलाकडे गेलंच पाहिजे, पक्ष काहीही आश्वासन देवो.

मत कोणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. उमेदवार दारात आला की त्याला दुसऱ्या पक्षाबद्दल विचारू नका, तो पाठ केलेलं बोलेल. विचारा: तुमच्या पक्षात वर्णद्वेषाच्या तक्रारीचा निकाल बाहेरची माणसं देतात की पक्षाचीच? तुमच्या पक्षाला पैसे देणाऱ्या कोणी असं बोललं तर पैसे परत कराल का? आणि या मतदारसंघात वेगवेगळ्या धर्मांच्या घरांत तुम्ही वेगवेगळी पत्रकं टाकली आहेत का? टाकली असतील तर दुसऱ्याच्या घरातलं मलाही दाखवा.